अनुवादयंत्राची यादी आणि झाडीपट्टीची बोली

(कोंढा, ता. पवनी, जि. भंडारा येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



कोंढा-कोसऱ्याच्या शिवारात धानाची रोवणी होते. पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत तिलाच भाताची लावणी म्हणतात. इथले पऱ्हे तिथे रोपे होतात, आणि 'बांधी' म्हणजे काय हे तर बाहेरच्या माणसाला समजावूनच सांगावे लागते. आजवर हा फरक तलाठ्याच्या टेबलाशी मिटत असे. तलाठी परगावचा असला तरी दोन पावसाळ्यांत तो हे शब्द शिकून घेई. आता त्या टेबलाशी यंत्र येऊन बसू पाहत आहे. म्हणून वरवर केवळ तंत्रज्ञांचा वाटणारा हा विषय कोंढ्यातही बोलला जाणे अगत्याचे आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे जे नवे 'एजंट' निघाले आहेत ते एक प्रकारचे कारकूनच होत. प्रश्नाला उत्तर देऊन ते थांबत नाहीत. अर्ज वाचणे, नोंद काढणे, पत्र पाठवणे ही कामे एकामागून एक स्वतः उरकतात. त्यासाठी त्यांच्या हाती निरनिराळी अवजारे दिलेली असतात. त्यांपैकी एक अगदी साधे आहे. अनुवाद करण्यापूर्वी एजंटाने अनुवादसेवेला विचारायचे की, तुला कोणत्या भाषा येतात? सेवा नावांची आणि संकेताक्षरांची यादी परत धाडते: मराठीसाठी 'एमआर', हिंदीसाठी 'एचआय'. एजंटाच्या लेखी जगात तेवढ्याच भाषा. ही विचारणा मुळात वाईट नाही. येत नाही ती भाषा येते असे भासवण्यापेक्षा यादी दाखवणे केव्हाही प्रामाणिकपणाचे. अनर्थ होतो तो पुढे. समोरची बाई यादीबाहेरच्या भाषेत बोलू लागली आणि अशा वेळी काय करायचे हे यंत्राला कोणी सांगून ठेवले नसेल, तर ते तिचे बोलणे जवळच्या एखाद्या भाषेच्या खात्यात टाकून मोकळे होण्याचा संभव असतो. चूक झाली याची दादफिर्यादही उरत नाही, कारण कागदावर सारे नीट दिसते.

मग ही यादी ठरवते कोण? गूगलची अनुवादसेवा 2006 साली सुरू झाली. कोट्यवधी लोकांच्या मराठीला तिच्यात जागा मिळण्यास 2013 उजाडले. 2022 मध्ये संस्कृत व कोकणी आल्या. जून 2024 मध्ये एकदम 110 भाषांची भर पडली. त्यांत अवधी, मारवाडी, तुळू, संथाळी, खासी होत्या, गोंडी नव्हती. 2011 च्या जनगणनेत संस्कृत ही मातृभाषा सांगणारे 24,821 होते आणि गोंडी सांगणारे सुमारे 29 लाख 84 हजार. यात संस्कृतचा काही दोष नाही. यंत्र माणसे मोजत नाही, मजकूर मोजते. आणि मजकूर तिथेच साठतो जिथे पिढ्यान्‌पिढ्या शाळा, छापखाने व ग्रंथालये होती. ज्यांना ती नाकारली गेली त्यांची भाषा यंत्राच्या दारातही उभीच राहते.

खाजगी कंपनीकडून याहून वेगळी अपेक्षा ठेवणे व्यर्थ; परंतु सरकारचे काय? 2022 साली सुरू झालेल्या 'भाषिणी' योजनेचा पाया आठव्या अनुसूचीतील 22 भाषा हा आहे. ही अनुसूची 1950 मध्ये 14 भाषांची होती, आणि तिची वाढ लोकसंख्येपेक्षा आंदोलनांच्या जोरावर झाली. बोडो व संथाळी तिच्यात आल्या त्या 2003 च्या घटनादुरुस्तीने. गोंडी अद्याप बाहेरच आहे. तिची मसराम लिपी 2017 मध्ये आणि गुंजाळा लिपी 2018 मध्ये युनिकोडच्या तक्त्यात दाखल झाली. म्हणजे अक्षरे संगणकाला मान्य आणि भाषा अमान्य!

सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने 'आदि वाणी' हे अनुवादसाधन आणले. संथाळी, भिली, मुंडारी व गोंडी या चार भाषांपासून त्याची सुरुवात झाली. हे पाऊल स्वागतार्हच आहे. मात्र त्यात सहभागी झालेल्या आदिवासी संशोधन संस्था झारखंड, ओडिशा, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि मेघालय या राज्यांच्या. भिली आणि गोंडी या दोन्ही भाषा ज्या महाराष्ट्रात नांदतात त्याचे नाव त्या पंक्तीत नाही. मंडल्याची गोंडी आणि गडचिरोलीची गोंडी एक नव्हे. यादीत 'गोंडी' असे एकच नाव झळकले म्हणून गडचिरोलीच्या म्हातारीचे बोलणे यंत्राला उमगेल असे धरून चालणे धोक्याचे आहे.

झाडीबोलीची अडचण तर याहून अवघड. गोंडी यादीत नाही हे निदान दिसते तरी. झाडीबोली मात्र 'मराठी' या नावाखाली झाकली जाते. मराठीपुढे खूण झाली की काम संपले! जिच्या उच्चारात 'ण' आणि 'ळ' यांना थारा नाही, त्या बोलीतली तक्रार पुस्तकी मराठीवर वाढलेले यंत्र कितपत ऐकेल, हे कोणी तपासायचे? पोवारीला तर जनगणनेनेच हिंदीच्या पोटात घातले आहे. 2024 साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला, सत्कार झाले; त्या दर्जाचा काही वाटा या बोलींच्या ध्वनिमुद्रणाकडे वळवावा, अशी मागणी मुंबईकडून येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

मागणी इथूनच गेली पाहिजे, आणि ती नेमकी असली पाहिजे. ज्या कचेरीत वा धानखरेदी केंद्रावर असे यंत्र बसेल, तिथे त्याला कोणत्या भाषा येतात हे भिंतीवर लिहिलेले असावे, आणि त्यापुढे कोणत्या बोलींवर त्याची परीक्षा झाली तेही. जिथे झाली नाही तिथे माणसाची खुर्ची रिकामी करता कामा नये. शब्दांची सामग्री तर हाताशी आहेच: डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा कोश सिद्ध केला, झाडीबोली साहित्य मंडळाने संमेलने भरवली. उणीव आहे ती बोलत्या आवाजांची. ते आवाज गोळा करताना बोलणाऱ्या बायाबापड्यांना त्या दिवसाची मजुरी मिळाली पाहिजे, आणि तो साठा कंपनीच्या तिजोरीत न जाता ग्रामसभेच्या संमतीने सार्वजनिक राहिला पाहिजे. रोवणीपासून चुरणीपर्यंतचे शब्द प्रथम घ्यावेत. हे काम आवत्या पडण्यापूर्वी सुरू झाले, तर पुढच्या खरेदी हंगामात केंद्रावर दाखवायला काही हाती असेल.