डांसांच्या डोंगरांतून एक दिवस

अमेरिकेच्या पश्चिम भागांत मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत सुमारें २,६५० मैलांची एक डोंगरी पायवाट आहे. ‘पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल’ हें तिचें नांव. १९६८ सालीं तिला राष्ट्रीय मार्गाचा दर्जा मिळाला. कॅलिफोर्नियांत योसेमिटीच्या उत्तर भागांत, बर्फ वितळण्याच्या दिवसांत, पाठीवर बिऱ्हाड घेऊन निघालेल्या पांथस्थास चढणीहूनही डांस अधिक जेरीस आणतात.

आदल्या उन्हाळ्यांत कुरणांच्या कडेस ओलसर मातींत घातलेलीं अंडीं हिंवाळाभर बर्फाखालीं टिकून राहतात. वितळलेलें पाणी सांचलें कीं तीं फुटतात. चावते ती मादीच. अंड्यांसाठीं तिला रक्त हवें असतें. माणसाचा उच्छ्वास, घाम आणि ऊब हे तिचे वाटाडे.

म्हणून पहांटेच्या गारठ्यांत, डांस सुस्त असतांनाच, पांथस्थ तंबू आवरून निघतो. तोंडावर जाळी, अंगांत लांब बाह्यांचा सदरा. फराळ चालतां चालतांच. पाणी भरावयास झऱ्याशीं थांबावें, तों थवा घेरतो. ओढा ओलांडतांना तर अधिकच संकट. हिमजलाला ओढ मोठी. डांस हाकलण्यास हात उचलला आणि तोल गेला, तर प्राणाशीं गांठ. तेथें दंश सोसून पाऊल जपावें लागतें.

दुपारीं सुमारें १०,००० फुटांवरील बेन्सन खिंडींत वारा लागतो. वाऱ्यापुढें डांसांचें चालत नाहीं, विसावा तेथेंच. सायंकाळीं रम्य तळ्याकांठचा मोह सोडून, पाणी वाहून नेऊन, तो उघड्या खडकाळ उंचवट्यावर तंबू ठोकतो. चिडून धांवणारा लौकर थकतो. वारा, वेळ व जागा ओळखणारा मुक्काम गांठतो.