शिक्षा लागली म्हणजे सगळं संपलं नाही
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही गिरणीत साच्यावर उभं राहून आयुष्य काढलेली माणसं. कायदा कॉलेजात शिकलो नाही. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जेवढा समजला, तेवढा सांगतो.

आमच्या चाळीतल्या एका पोराला सेशन कोर्टात सात वर्षांची सजा लागली. आईनं भांडीकुंडी विकली. वकिलानं पैसे घेतले, पण अपील दाखल केलं नाही. हायकोर्टात जायला ६० दिवसांची मुदत असते, हे त्या माउलीला कुणी सांगितलं नाही. आम्ही त्या वेळी लाऊडस्पीकरची वर्गणी मागत घरोघर फिरत होतो. तिच्या दारात मात्र थांबलो नाही. हा बोल आम्ही स्वतःलाच लावतो.

बाबासाहेबांनी १९२६ साली पुण्याला ‘देशाचे दुश्मन’ खटल्यात शिक्षा झालेल्या ब्राह्मणेतर चळवळीतल्या मंडळींचं अपील चालवलं आणि त्यांना निर्दोष सोडवलं. भक्कम वकील मिळाला, म्हणून ते सुटले. पण ज्याच्या गाठीला पैसा नाही, त्यानं काय करावं?

त्याचं उत्तर सुप्रीम कोर्टानं १९७८ साली होसकोट खटल्यात दिलं. कैद्याला निकालाची प्रत वेळेवर, फुकट मिळाली पाहिजे. ऐपत नसेल तर अपिलासाठी वकीलही सरकारनं दिला पाहिजे. पुढं १९८७ चा विधी सेवा कायदा झाला, तो १९९५ पासून अमलात आला. त्याच्या कलम १२ प्रमाणं तुरुंगातला माणूस, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती यांना वकील मोफत मिळतो. ही भीक नव्हे, हक्क आहे. काही संस्थांमधली वकील मंडळीही गरिबांची अपिलं फी न घेता लढवतात.

आपल्या महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीच्या सहा जणांची फाशी २००९ साली सुप्रीम कोर्टानंच पक्की केली होती. त्याच कोर्टानं २०१९ साली फेरविचार करून सहाही जणांना निर्दोष ठरवलं. पण तोवर ऐन उमेदीची वर्षं तुरुंगात गेली, ती कोण परत देणार?

म्हणून आमची विनंती एवढीच. विहारातल्या पाच तरुणांनी हे काम अंगावर घ्यावं. कुणाला सजा लागली की त्याच आठवड्यात त्याच्या घरी जावं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्यावा. कैद्याला तुरुंगाधिकाऱ्याच्या हातीही अपील देता येतं, हे त्याला कळवावं. मुदत टळली असली तरी उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. १५१०० हा मोफत फोन नंबर विहाराच्या भिंतीवर रंगवावा.

पुन्हा कुणा आईवर भांडी विकायची पाळी येऊ नये.

जयभीम! नमो बुद्धाय!