पुठ्ठ्याच्या घोड्याचे मागचे पाय



तुमच्या शाळेच्या या कार्यक्रमासाठी भाषण मी लिहून आणलं होतं. पण मघाशी मेकअपच्या खोलीवरून येताना दाराशी पुठ्ठ्याचा घोडा उभा दिसला. महाराजांच्या नाट्यप्रवेशासाठी केलाय म्हणे. सुतळीची आयाळ, बाटलीच्या झाकणाचा डोळा. तो बघितला आणि कागद पिशवीतच राहू दिला.

आमचे आजोबा कासार. बांगड्यांच्या पेट्या तट्टावर लादून आठवडी बाजार करायचे. तट्टू कुमैत, म्हणजे तांबूस अंगाचं आणि काळ्या आयाळीचं. त्याला हरभऱ्याची चंदी द्यायची आणि खरारा करायचा, हे काम माझं. माशी बसली की तेवढ्याच जागेची कातडी थरथरायची, बाकी अंग ढिम्म. ते बघत मी तासभर उभी राहायचे आणि आईच्या शिव्या खायचे.

मग घोडे वहीत आले. गणिताच्या वहीत जास्त. तोंड जमायचं, मान जमायची, शेपूट तर झकास. पाय मात्र जमायचे नाहीत, म्हणून माझ्या प्रत्येक घोड्यापुढे गवत उगवलेलं असायचं. भर उन्हाळ्याच्या चित्रातसुद्धा! चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला स्मरणचित्रात मी आठवडी बाजार काढायला घेतला. आता बाजारात गवत कुठून आणणार? पाय काढावे लागले. श्रेणी मिळाली सी.

परत आलेला सरावाचा कागद आजोबांनी बघितला. म्हणाले, "आगं, ह्यो घोडा हाय का खुर्ची?" मला तट्टापाशी नेलं, माझा हात धरून त्याच्या मागच्या पायाच्या मधल्या सांध्यावर ठेवला. "ह्याला तू गुडघा समजलीस. गुडघा नव्हं, टाच हाय ही. गुडघा वर, पोटाला लागून." मी चाचपून बघितलं, तर खरंच मागे टोक आलेलं, आपल्या टाचेसारखं. पुढच्या पायाचा जो गुडघा वाटतो तो आपल्या मनगटाच्या जागी असतो. आणि खूर म्हणजे मधल्या एकाच बोटाचं नख. घोडा जन्मभर चार नखांवर पळतो. नालबंद खिळे ठोकतो ते त्या नखात, म्हणून नीट ठोकले तर घोड्याला दुखत नाही. एवढं कळल्यावर गवत उपटून टाकलं.

घोड्यांच्या चित्रकारांत आपल्या मातीतलं सगळ्यात मोठं नाव मकबूल फिदा हुसेन. 1915 साली पंढरपुरात जन्मले. आई फार लवकर वारली, वडील इंदूरला गेले, तिथे हे पोर वाढलं. मोहरमच्या मिरवणुकीत इमाम हुसेनांच्या दुलदुल घोड्याचं रूप निघतं, ते लहानपणी डोळ्यांत बसलं. चित्रकलेचे पहिले धडे इंदूरलाच, देवळालीकर मास्तरांच्या चित्रशाळेत. मग मुंबई, आणि मुंबईत काय? सिनेमाची पोस्टरं. परांचीवर चढून नटनट्यांची दारभर उंचीची तोंडं रंगवायची, चौरस फुटाला काही आणे मजुरी. लाकडी खेळण्यांचंही काम केलं. 1947 मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये आले. 1952 साली चीनला गेले, तिथे चित्रकार शू बेइहोंग यांचे शाईचे घोडे आणि थांग राजवटीच्या काळातले मातीचे घोडे बघितले. त्यानंतर हुसेन म्हटलं की घोडा, हे ठरूनच गेलं.

त्यांचा घोडा नीट बघा. मान गर्रकन मागे, जबडा उघडा, नाकपुड्या फुललेल्या. शरीरशास्त्राच्या पुस्तकात असा घोडा सापडायचा नाही. पण अंगातला ताण अस्सल आहे, कारण तो गर्दीत, ढोलताशांत बिथरलेलं जनावर बघून आलाय. त्यांच्या चित्रांवरून वाद झाले, खटले झाले, 2006 पासून ते देशाबाहेर राहिले आणि 2011 मध्ये लंडनला वारले. तो आजचा विषय नाही, पण गाळून पुढे जाणंही बरं नव्हे. शेवटी शेवटी दोहा शहरासाठी त्यांनी एक मोठी रचना आखली, ती त्यांच्या माघारी उभी राहिली. तिच्यातही काचेचे घोडे आहेत.

पालकांच्या मनातला प्रश्न मला ऐकू येतोय: चित्रं काढून पोट भरतं का, बाई? सुरुवातीची काही वर्षं नाही भरलं. मी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर 'आईचा आशीर्वाद' रंगवलाय, दुकानांच्या पाट्या रंगवल्यात. मग सात घोड्यांनी हात दिला. तुम्ही बघितले असतील, वास्तूसाठी भिंतीवर लावतात ते सात धावते घोडे. गिऱ्हाईक मोजून घेतं. सहा चालत नाहीत, आठही चालत नाहीत. असे सात सात घोडे मी इतके काढलेत, की मोजले तर एक पागा भरेल! त्या पैशांतून घर चाललं आणि रात्री माझ्या मनातला एकेक घोडा काढता आला.

त्या भिंतीवरच्या घोड्यांची एक गंमत सांगते. पुढचे पाय पुढे ताणलेले, मागचे मागे, जणू उडतायत. शेकडो वर्षं मोठमोठ्या चित्रकारांनी असेच काढले. 1878 मध्ये अमेरिकेत मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने धावपट्टीलगत ओळीने कॅमेरे लावले आणि भरधाव घोड्याचे फोटो काढले. चारही खूर जमिनीवरून सुटतात हे खरं निघालं, पण ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. ताणलेले असताना नाही. मी एकदा तसं खरं काढून दिलं. गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, घोडे अडखळल्यासारखे दिसतात," आणि परत करून गेलं.

दर मार्गशीर्षात मी लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या जत्रेला जाते. खंडोबाची यात्रा, घोड्यांचा मोठा बाजार. व्यापारी ओठ वर करून दात बघतात, त्यावरून वय सांगतात. अंगावर केसांचा भोवरा कुठे आहे त्यावरून भाव चढतो-उतरतो. पहिल्या वर्षी मी वही घेऊन बसले तर भोवती ही गर्दी, घोड्यापेक्षा मलाच बघायला. तेव्हा मला रोझा बोनर आठवली. फ्रान्सची ही चित्रकर्ती पॅरिसच्या घोडेबाजारात आठवड्यातून दोनदा जायची, तेही दीड वर्ष. बायकांना तिथे कुणी सुखाने उभं राहू देईना, म्हणून पुरुषी कपडे घालायची. त्यासाठी पोलिसांचा परवाना लागायचा! त्यातून झालेलं तिचं चित्र पाच मीटरहून रुंद आहे, आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. मला परवाना लागला नाही. एका व्यापाऱ्याने बसायला पोतं दिलं आणि म्हणाला, "माझ्या पंचकल्याणी घोड्याचं चित्र काढा, गिऱ्हाईक येतंय का बघू."

बसते आता. कार्यक्रमपत्रिकेत बघितलं, महाराजांचा प्रवेश सातवा आहे. म्हणजे अजून वेळ आहे. बाळांनो, त्या पुठ्ठ्याच्या घोड्याचे मागचे पाय तुम्ही माणसासारखे पुढे वाकवलेत. महाराज बसले की घोडा बसेल. ज्यांनी तो केलाय त्यांनी कात्री आणि चिकटपट्टी घेऊन मागच्या दाराशी या, मी येतेच.