‘येस येस’ म्हणण्याआधी



आज मी तुमच्याशी इंग्रजी बोलण्याबद्दल बोलणार आहे. थांबा, लगेच रेडिओ बंद करू नका! मी काही इंग्रजीची बाई नाही. बारावी झालेली, इंदापूर तालुक्यातली, दीड एकर डाळिंब आणि थोडा ऊस असलेल्या घरातली सून आहे. दहावीला इंग्रजीत काठावर पास झाले होते. पण एका इंग्रजी शब्दापायी आमच्या गटाचं नुकसान झालं आणि ते माझ्यामुळे झालं, म्हणून हा विषय मी मागून घेतला.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यात एका प्रदर्शनात आमच्या बचत गटाचा स्टॉल होता. कारळ्याची चटणी, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचे पापड, सांडगे असा माल. एक बाई आल्या, चटणी चाखली, त्यांना आवडली. ऑफिसात वाटायला चाळीस पाकिटं हवीत असं त्या म्हणाल्या. हे मला कळलं, कारण ‘फॉर्टी पॅकेट्स’ कळायला काही शिक्षण लागत नाही. पुढे त्या भरभर काहीतरी विचारत होत्या. मी मान हलवत होते आणि म्हणत होते, ‘येस मॅडम, येस येस.’ त्यांनी आगाऊ पैसे दिले, पत्ता दिला. आम्ही अकरा जणींनी दोन दिवस खपून दहा किलो चटणी केली, पाव-पाव किलोची पाकिटं भरली, पाठवली. आठवड्यात सगळी पाकिटं परत आली.

त्या बाई विचारत होत्या, ‘विदाउट गार्लिक देऊ शकाल ना?’ गार्लिक म्हणजे लसूण. त्यांच्या ऑफिसात लसूण न खाणारी माणसं होती. आणि आमच्या कारळ्याच्या चटणीत लसूण मुठीनं असतो.

पाकीट एकशे तीस रुपयांचं होतं. म्हणजे पाच हजार दोनशे रुपये परत करावे लागले. चटणी आठवडी बाजारात मिळेल त्या भावानं विकली. मालाचे पैसे निघाले, कष्टाचे निघाले नाहीत. गटात मला कुणी एक शब्द बोललं नाही, हेच जास्त लागलं.

त्या बाईंचं चुकलं का? अजिबात नाही. त्यांनी नीट विचारलं होतं. मला ‘गार्लिक’ येत नव्हतं, हीसुद्धा मोठी चूक नाही. एवढ्या मोठ्या भाषेतला एखादा शब्द येणार नाहीच. चूक होती ती ‘येस येस’ची. न समजता होकार दिला, कारण समजलं नाही हे सांगायची लाज वाटली.

म्हणून आमच्या गटात इंग्रजीचं पहिलं वाक्य ‘माय नेम इज’ हे शिकवत नाही. पहिलं वाक्य आहे, ‘सॉरी, आय डिड नॉट अंडरस्टँड. प्लीज स्पीक स्लोली.’ मला समजलं नाही, जरा सावकाश बोला. दुसरं वाक्य, ‘प्लीज राइट इट हिअर.’ इथे लिहून द्या. त्यासाठी स्टॉलवर वही आणि पेन बांधूनच ठेवतो. लिहून दिलेलं संध्याकाळी मुलीला विचारता येतं, फोनवर शोधता येतं. ही दोन वाक्यं इतक्या वेळा म्हणा की झोपेत कुणी उठवलं तरी तोंडातून निघाली पाहिजेत.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला शब्दच येत नाहीत. मला हे पटत नाही. जरा आपल्या रोजच्या बोलण्याकडे कान द्या. लोन, इंटरेस्ट, ड्रिप, पॅकिंग, ग्रेडिंग, एक्सपोर्ट, रेट, सॅम्पल, ऑर्डर, डिलिव्हरी. डाळिंबाच्या पॅकहाउसला जाणाऱ्या बायका दिवसभरात असे पन्नास शब्द बोलतात. शब्द आहेत, वाक्य जुळत नाही. आणि ते न जुळण्याचं कारण अगदी साधं आहे. मराठीत क्रिया शेवटी येते. ‘मी घरी चटणी करते.’ इंग्रजीत माणूस आला की लगेच क्रिया, मग बाकीचं सगळं. ‘आय मेक चटणी ॲट होम.’ आपण क्रियेची वाट बघत शेवटपर्यंत जातो आणि तिथं अडकतो. आमच्यातली एक जाऊबाई म्हणाली, ‘म्हणजे इंग्रजीत आधी फोडणी.’ तेव्हापासून कुणी अडली की सगळ्या ओरडतात, ‘आधी फोडणी!’ आय सेल. आय मेक. वी पॅक. वी सेंड. एवढं आधी टाकायचं, मग भाजी.

व्याकरण शिकू नका असं मी म्हणत नाही. पण तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी म्हणून जे क्लास निघतात आणि पहिल्याच दिवशी काळांचा तक्ता फळ्यावर लिहितात, त्यांच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. मी असा एक क्लास केला. दीड महिन्यात वही भरली, तोंड उघडलं नाही. पोहायला शिकायचं तर विहिरीत उतरावं लागतं, काठावर बसून हात मारून चालत नाही.

आमची विहीर म्हणजे गुरुवारची बैठक. बचतीचे पैसे गोळा झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या की पंधरा मिनिटं बोलण्याची. दर गुरुवारी तीन जणी उभ्या राहतात. प्रत्येकीला एक मिनिट, मोबाइलवर वेळ लावून. हातात आपली वस्तू धरायची, पापड असो की पिशवी. हात रिकामे असले की पदराशी खेळतात, वस्तू असली की स्थिर राहतात. आधी मराठीत बोलायचं, मग त्यातलीच तीन वाक्यं इंग्रजीत. बोलणारी खाली बसेपर्यंत कुणी चूक काढायची नाही, हा नियम. पहिले चार गुरुवार नुसतं हसण्यात गेले. हसू द्या. पाचव्या गुरुवारी हसू आपोआप संपतं.

यात आमच्या लक्षात एक गोष्ट आली. जी मराठीत धड सांगू शकत नव्हती, ती इंग्रजीतही अडत होती. आणि जी मराठीत मुद्द्याचं बोलायची तिला मोडक्या इंग्रजीतही गिऱ्हाईक समजून घ्यायचं. म्हणजे आधी काय सांगायचं ते ठरलं पाहिजे. भाषा नंतर.

या बाबतीत मला डॉक्टर आनंदीबाई जोशींची फार आठवण येते. त्या डॉक्टर झाल्या हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण त्यांचं भाषण फार कुणी सांगत नाही. 24 फेब्रुवारी 1883. बंगालमधलं सेरामपूर, तिथल्या कॉलेजचं सभागृह. आनंदीबाई तेव्हा अठरा वर्षांच्याही नव्हत्या. लग्नानंतर नवऱ्याच्या हट्टानं शिकलेल्या, परक्या मुलखात राहणाऱ्या, नऊवारीतल्या. बाई एकटी समुद्रापार निघाली म्हणून लोक नावं ठेवत होते. त्या सभेसमोर त्या उभ्या राहिल्या आणि अमेरिकेला का जाते हे इंग्रजीतून सांगितलं.

आणि कसं सांगितलं बघा. लोक जे प्रश्न त्यांना येता-जाता विचारत होते, तेच त्यांनी भाषणाचे मुद्दे केले. अमेरिकेला का जाता? इथे शिकायची सोय नाही का? एकट्या का जाता? परत आल्यावर वाळीत टाकतील त्याचं काय? काही संकट आलं तर काय कराल? आजवर कुठल्या बाईनं केलं नाही ते तुम्ही का करता? एकेक प्रश्न घ्यायचा, त्याचं उत्तर द्यायचं, पुढे जायचं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या बोटीनं निघाल्या, 11 मार्च 1886 ला फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात त्या गेल्या, बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. ते आठवलं की आजही गलबलून येतं.

त्यांची ती रीत आम्ही उचलली. स्टॉलवर गिऱ्हाइकं काय काय विचारतात ते आठवून आठवून लिहिलं. पुन्हा पुन्हा तेच प्रश्न निघाले. हे कशाचं आहे? तिखट आहे का? किती दिवस टिकतं? लसूण, कांदा, शेंगदाणा आहे का? घरपोच पाठवता का? झालं, हेच आमचं भाषण. ‘धिस इज कारळा चटणी. इट इज मीडियम स्पायसी. इट स्टेज गुड फॉर टू मन्थ्स. इट हॅज गार्लिक.’ आणि पाठोपाठ, ‘वी ऑल्सो मेक विदाउट गार्लिक.’ हे वाक्य मी स्वतः म्हणते, दुसऱ्या कुणाला म्हणू देत नाही.

एक इशारा आकड्यांबद्दल. फिफ्टीन आणि फिफ्टी, थर्टीन आणि थर्टी, हे गर्दीत सारखेच ऐकू येतात. पंधरा पाकिटांची ऑर्डर पन्नासांची समजलात तर आमच्यासारखी गत होईल. म्हणून आकडा सुटा करून परत म्हणायचा. ‘वन फाइव्ह?’ ‘फाइव्ह झिरो?’ मोबाइल नंबर सांगताना आपण असंच सुटं सुटं सांगतो, त्यामुळे हे सगळ्यांना लगेच जमतं. शिवाय कॅल्क्युलेटरवर आकडा टाइप करून दाखवायला कुणाची ना नाही.

प्रत्येक ठिकाणी इंग्रजीच पाहिजे असंही नाही हं. आपल्याला लागून असलेल्या साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला, बायकांच्या माणदेशी बँकेची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. चेतना सिन्हा यांनी ही हकिगत अनेकदा सांगितली आहे. 1996 साली रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला, कारण अर्जावर बायकांचे अंगठे होते. त्या बायका घरी येऊन रडत बसल्या नाहीत, लिहा-वाचायला शिकल्या. काही महिन्यांनी पुन्हा साहेबांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज सांगा, आम्ही तोंडी काढतो, तुमच्या माणसांनाही काढायला सांगा. 1997 ला बँक सुरू झाली. त्यांनी साहेबांना इंग्रजी ऐकवलं नाही. आपल्याला काय येतं ते दाखवलं. कर्जासाठी बँकेत जाल, ग्रामसभेत उभ्या राहाल, तेव्हा मराठीतच बोला, पण असं तयारीनं बोला.

घरच्यांचं काय, असं एका मावशींनी मला विचारलं होतं. त्यांची नात त्यांच्या ‘इस्टॉल’ला हसते. हे जुनंच दुखणं आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई लग्नानंतर इंग्रजी शिकल्या, तेव्हा घरातल्या बायकांनी त्यांना किती टोमणे मारले ते त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. आज निदान हसणारी आपलीच नात आहे. मी मावशींना सांगितलं, तिलाच मास्तरीण करा. रोज पाच मिनिटं ती गिऱ्हाईक होईल आणि तुम्ही दुकानदार. बदल्यात तिला पुरणपोळी लाटायला शिकवा. मग कोण कुणाला हसतं ते कळेल! इस्टॉल-इस्कूलचं फार मनावर घेऊ नका. आपला उच्चार मराठी असणारच. शब्दाचा शेवट गिळू नका आणि घाई करू नका, म्हणजे समोरच्याला समजतं. आपलं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. पहिल्यांदा स्वतःचा आवाज अगदी नकोसा वाटतो. मलाही वाटला होता, आता तुम्हालाही ऐकवतेय.

उजनीच्या पाण्याकडेला, भिगवण-कुंभारगाव भागात, हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला लांबलांबून लोक येतात. तिकडे माझ्या ओळखीच्या एक ताई पाहुण्यांना चिलापीचं जेवण करून घालतात. शाळा चौथीपर्यंत. त्यांना पाच-सहा वाक्यंच येतात, पण काय नेमकी! ‘फिश फ्रेश, टुडे मॉर्निंग.’ ‘चिली लेस ऑर मोअर?’ आणि जेवण झालं की, ‘गुड? टेल युवर फ्रेंड.’ व्याकरणाच्या बाई डोक्याला हात लावतील. पण चिली किती घालायची हे त्या आधी विचारतात, मी गार्लिकचं विचारलं नव्हतं.

गेल्या डिसेंबरात आम्ही पुन्हा पुण्यात स्टॉल लावला होता. एक बाई आल्या, पँट-शर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि इंग्रजीत सुरू झाल्या. माझ्या पोटात गोळा आला. पण जीभ शिकलेली होती. मी म्हटलं, ‘सॉरी, आय डिड नॉट अंडरस्टँड. प्लीज स्पीक स्लोली.’ त्यांनी चष्मा काढला आणि हसल्या. ‘अहो ताई, मी फलटणची! मला वाटलं तुम्हाला मराठीत विचारलं तर कमीपणा वाटेल.’

मग दोघीही हसलो. त्यांनी सहा पाकिटं नेली. त्यातली दोन विना लसणाची, सासूबाईंसाठी.

आज गुरुवार आहे, माझ्या बैठकीची वेळ झाली. आज माझी पाळी आहे उभं राहून बोलायची. येते. नमस्कार.