स्थलांतर करताना घराची निवड

मुंबईतील चाळीची खोली अपुरी पडू लागली की आपण कल्याणच्या पुढे घर पाहू लागतो. परंतु केवळ दर पाहून निर्णय घेऊ नये. कल्याणला रेल्वेमार्ग कसारा व कर्जत असा विभागतो आणि पुढे लोकल कमी होतात. आईवडील दोघेही पहाटेच गाडीला गेले, तर मुलांच्या अभ्यासाकडे कोण पाहणार? जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. म्हणून जागा भर पावसाळ्यात पाहावी. नव्या इमारतीची महारेरा नोंदणी व भोगवटा प्रमाणपत्र तपासावे. शाळा व दवाखाना पायी गाठता यावा. घर स्वस्तात मिळाले, पण मुलांचे शिक्षण मागे पडले, तर तो व्यवहार आपल्या समाजाला महागच पडेल.