थेरपिस्ट वर्गात आली तर काय बदलतं?

आजचा विषय जरा वेगळा आहे, पण तुमच्यापैकी कुणी डी.एड. करत असेल, कुणी नुकतंच शाळेत लागलं असेल, कुणाचा धाकटा भाऊ किंवा भाची ‘विशेष गरजा असलेलं मूल’ म्हणून शाळेच्या यादीत असेल. त्यामुळे शेवटपर्यंत ऐका.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आमचं काम मुलाला रोजची कामं जमायला मदत करणं. लिहिणं, डबा उघडणं, एका जागी बसणं, रांगेत उभं राहणं. शाळेत हे काम साधारण असं चालतं. थेरपिस्ट येते, मुलाला वर्गातून उठवते, एका खोलीत नेते, अर्धा तास घेते आणि परत आणून सोडते. खोली म्हणजे कधी लायब्ररी, कधी जिन्याखालची जागा. आणि हा अर्धा तास बहुतेक वेळा कशातून कापला जातो? खेळाच्या नाहीतर चित्रकलेच्या तासातून. म्हणजे ज्या तासाला हे मूल बाकीच्यांच्या बरोबरीनं असतं, तोच तास जातो. मग वर्गात प्रश्न येतो, “हा रोज कुठे जातो?” आणि त्या पाठोपाठ एखादं टोपणनाव.

पण त्याहून मोठी अडचण पुढे आहे. बंद खोलीत जमलेली गोष्ट वर्गात आपोआप जमत नाही. खोलीत शांतता असते, समोर एकच माणूस असतो. वर्गात चाळीस मुलं, पंख्याचा आवाज, शेजारच्या वर्गातले पाढे, आणि फळा लांब. खोलीत छान लिहिणारं मूल वर्गात अर्धं पान कोरं सोडतं, आणि सगळे म्हणतात, “येतं त्याला, पण आळशी आहे.”

म्हणून आता विचार असा आहे की शक्य तिथे थेरपीच वर्गात न्यायची. म्हणजे नेमकं काय, ते तीन उदाहरणांतून बघू.

पहिलं, लिहिणं. फळ्यावरून उतरवून घेणं हे आपल्याला एक काम वाटतं. मुलासाठी ती चार कामं असतात: वर बघायचं, लक्षात ठेवायचं, खाली बघायचं, वहीत जागा शोधायची. त्यात आपली देवनागरी. ‘दिवस’ म्हणताना आधी ‘द’ ऐकू येतो, मग ‘इ’. कागदावर मात्र पहिली वेलांटी ‘द’च्या आधी दिसते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात फरक केवढासा! वाचन-लेखनाची अडचण असलेल्या मुलाची इथे दमछाक होते. वर्गात बसलेली थेरपिस्ट हे बघते आणि तिथेच उपाय करते. मजकूर एका कागदावर लिहून त्याच्या बाकावर ठेवायचा. पाय लोंबकळत असतील तर पायाखाली जुनी पुस्तकं बांधून ठेवायची, कारण पाय टेकले की हात स्थिर होतो. वहीखाली जाड फाईल तिरकी ठेवायची. पेन्सिल मुठीत धरत असेल तर खडूचा छोटा तुकडा द्यायचा, तो मुठीत धरताच येत नाही, बोटं आपोआप पुढे येतात. वेलांट्या वेगळ्या रंगात लिहायच्या. यातल्या कशालाही फारसा खर्च नाही.

दुसरं, बोलणं. कमी बोलणाऱ्या मुलाला खोलीत खेळणं दाखवून “काय हवं?” असं पन्नास वेळा विचारता येतं. पण पोषण आहाराच्या रांगेत समोर गरम खिचडी असते आणि भूक खरी असते. तिथे ‘अजून’, ‘पुरे’, ‘पाणी’ अशी तीन चित्रं गळ्यातल्या कार्डावर असली, आणि वाढणाऱ्या ताईंना सांगून ठेवलं की त्यानं बोट ठेवेपर्यंत दहा सेकंद थांबा, तर त्या शब्दांना अर्थ येतो. हजेरी घेताना त्यानं हात वर केला तरी ती ‘हजर’च धरायची.

तिसरं, एका जागी न बसणारं मूल. त्याला दहा वेळा “बस खाली” म्हणण्याऐवजी उठण्याचं काम द्यायचं. फळा पूस, वह्यांचा गठ्ठा ऑफिसात नेऊन ठेव. जड वस्तू उचलल्यावर बरीच मुलं शांत होतात. फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाचे तास चित्रांनी लावायचे, म्हणजे पुढे काय होणार हे त्याला कळतं.

आता तुम्ही म्हणाल, शिक्षकांना वेळ कुठे आहे? बरोबर आहे. पटावर चाळीस-पन्नास मुलं, त्यात ऑनलाइन माहिती भरायची, निवडणुकीची ड्युटी. पण चित्रांचं वेळापत्रक सगळ्या वर्गाच्या कामी येतं. रंगीत वेलांट्याही.

कायदा काय म्हणतो तेही सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकार आहेत. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आहेत. मुलाच्या गरजेप्रमाणे वर्गात बदल करणं ही मेहेरबानी नाही, तो त्याचा हक्क आहे. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विशेष शिक्षकांचं प्रमाण सांगितलं: प्राथमिकला दहा मुलांमागे एक, माध्यमिकला पंधरामागे एक. प्रत्यक्षात एका विशेष शिक्षकाच्या वाट्याला अनेक शाळा येतात, आणि आज भेटलेली व्यक्ती परत कधी येईल याचा भरवसा नसतो. म्हणूनच माझ्या मते खरा प्रश्न एकच आहे: थेरपिस्ट निघून गेल्यावर वर्गात काय उरलं? बाईंना एखादी युक्ती कळली का? शेजारच्या मुलीला थांबून ऐकायची सवय लागली का? नसेल, तर तो तास वर्गात घेतला काय आणि जिन्याखाली घेतला काय, सारखाच.

सगळंच वर्गात करावं असं मी म्हणत नाही. स्नायूंचे व्यायाम, शौचालयाची सवय, चाचण्या, रडू आलेलं मूल, यांना आडोसा लागतोच. चाळीस डोळ्यांसमोर एकट्याला व्यायाम करायला लावणं हा अपमान आहे. मोठ्या मुलाला तर विचारायचंच, “इथे करू की बाहेर?” आणि शहरात हल्ली ‘शॅडो टीचर’ असते, तिनंही सतत चिकटून बसू नये. नाहीतर बाकीची मुलं त्याच्याशी न बोलता तिच्याशीच बोलतात.

तुम्ही काय करू शकता? घरात असं मूल असेल तर शाळेत जाऊन “प्रगती कशी आहे?” एवढंच विचारू नका. विचारा, “फळ्यावरून लिहिताना तो कुठे अडतो?” शिक्षक असाल तर थेरपिस्टला सांगा, “आज त्याला बाहेर नेऊ नका, माझ्या गणिताच्या तासाला मागे बसा.” एका तासात जे दिसेल, ते फाईलमधल्या रिपोर्टात बहुधा नसेल.

तुमच्या शाळेत काय होतं ते मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.