आजच्यापुरती भाकर



सकाळच्या प्रार्थनेत आपण कितीतरी गोष्टी देवाच्या हवाली करतो. मुलाची नोकरी, आईचं दुखणं, डोक्यावरचं कर्ज. ‘आमेन’ म्हणून उठतो आणि हवाली केलेलं सगळं पुन्हा उचलून दिवसाला लागतो. माझंही असंच होतं, आणि विश्वास ठेवणाऱ्या बहुतेकांचं होत असावं. म्हणून देवाच्या भरवशावर रोजचा दिवस कसा काढायचा, हे ज्यांनी करून दाखवलं अशा एका बाईंविषयी मी आज बोलणार आहे. पंडिता रमाबाई म्हटलं की त्यांची विद्वत्ता आठवते, कलकत्त्यात मिळालेल्या पदव्या आठवतात, सुधारणेचे वाद आठवतात. ते सगळं मोठंच आहे. मला मात्र त्यांच्या कोठीघराविषयी बोलायचं आहे. 1900 च्या सुमारास केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये दोन हजारांच्या आसपास मुली आणि बायका राहत होत्या. त्यांना दोन वेळा जेवू घालायचं होतं, आणि त्यासाठी ठरलेलं असं उत्पन्न नव्हतं.

भूक म्हणजे काय हे रमाबाईंना कुणी शिकवायला नको होतं. त्यांचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबाला घेऊन तीर्थं हिंडत, देवळातून पुराण सांगत. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, त्या काळात वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आई शेवटच्या दुखण्यात अन्नासाठी तळमळत होती. रमा शेजारच्या घरी भाकरीचा तुकडा मागायला गेली आणि दाराशी उभी राहून रडू लागली. तोंडातून शब्द फुटेना. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. मला वाटतं, केडगावला त्यांनी जे काही उभं केलं, त्याच्या मुळाशी हे दार आहे.

1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1889 मध्ये मुंबईला विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन सुरू केलं, ते लवकरच पुण्याला नेलं. बॉस्टनच्या मंडळींनी रमाबाई असोसिएशन स्थापन करून दहा वर्षं पैसे पुरवायचं वचन दिलं होतं. दहाच वर्षं. दरम्यान 1893 मध्ये सदनातल्या ख्रिस्ती प्रार्थनेवरून वाद पेटला आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखी वजनदार माणसं सल्लागार मंडळातून बाजूला झाली. ती दुष्ट नव्हती, त्यांची त्यांच्यापुरती कारणं होती. पण ज्यांचा आधार होता तेच गेले, हे खरं.

अशा वेळी रमाबाईंनी काय केलं? प्रार्थना तर केलीच. पण पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावजवळ सुमारे शंभर एकर जमीनही घेतली, विहिरी खोदल्या, फळबाग लावायला घेतली. बागेच्या उत्पन्नावर पुढे सदन चालावं असा हिशेब होता. देवावर विसंबणारा माणूस हात जोडून स्वस्थ बसतो, असं काही लोक समजतात, आणि खेदाची गोष्ट म्हणजे आपल्या मंडळीतही कुणी कुणी तसं शिकवतात. औषध घेऊ नका, फक्त विश्वास ठेवा, असं आजारी माणसाला सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. रमाबाईंचा विश्वास जमिनीत कुदळ मारणारा होता.

मग 1896 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं रस्त्याकडेला मरत होती. पोरक्या मुलींना फसवून नेणारे हिंडत होते. रमाबाई तिकडे गेल्या. स्वतःच्या लहानपणीची भूक त्यांना त्या चेहऱ्यांवर दिसली असेल. बॉस्टनचा पैसा उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी होता. या मुलींसाठी कुणी एक रुपयाही कबूल केला नव्हता. तरी तीनशेच्या आसपास मुली आणायच्या असं देवानं मनात घातलंय, म्हणून त्या आणत राहिल्या. पुण्यात त्या वेळी प्लेग. या मुलींना शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा केडगावच्या त्या माळावर तंबू आणि गवताची छपरं उभी राहिली. बागेसाठी घेतलेली जमीन पोरक्या मुलींचं घर झाली. बागेचा हिशेब माणसाचा होता. जमीन कशासाठी घ्यायची ते देवाला आधीच ठाऊक होतं, असं मी मानतो.

ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरांचं चरित्र रमाबाईंनी वाचलं होतं. म्यूलर हजारो अनाथ मुलं सांभाळत, आणि पैशासाठी माणसांपुढे हात न पसरता देवाकडे मागत. हे आपल्या देशातही घडेल का, असा रमाबाईंना प्रश्न पडला होता. त्याचं उत्तर केडगावच्या रोजच्या दिनक्रमात मिळत गेलं. पहाटे प्रार्थना, मग काम: माग, शेती, गुरं, स्वयंपाक, छापखान्यात खिळे जुळवणं. आंधळ्या बायकांसाठी बार्तमी सदन होतं, समाजानं टाकून दिलेल्या बायकांसाठी कृपा सदन. पैसे येत ते देशोदेशींच्या अनोळखी माणसांकडून. पुष्कळदा रक्कम लहान असे, देणाराही साधा माणूस असे.

प्रभू येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे ती आजच्यापुरती. रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला, तोही त्या त्या दिवसापुरता. साठवून ठेवला त्यांच्या मान्नात किडे पडले. लहानपणी मला हे फार कंजूषपणाचं वाटायचं. घरखर्च स्वतः चालवायला लागल्यावर त्यातली दया कळली. पुढच्या दहा वर्षांची काळजी आज वाहायला देवानं सांगितलेलंच नाही. आजची फी, आजची गोळी, आजचं जेवण, एवढ्यासाठी त्याच्याकडे यायचं, आणि उद्या पुन्हा यायचं. हे रोजचं येणंच त्याला हवं असतं.

मागितलेलं सगळं मिळतं का? नाही. दुष्काळातून आणलेल्या कित्येक मुली इतक्या खंगलेल्या होत्या की केडगावला पोचूनही वाचल्या नाहीत. आणि 1921 च्या जुलैमध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. मुक्तीचं काम पुढे तिनं सांभाळायचं असं ठरलं होतं. साठी उलटलेल्या, आजारी आईनं हा घाव कसा सोसला असेल, त्यावर मी काही बोलू धजत नाही. पुढचं एवढंच ठाऊक आहे, की हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत पवित्र शास्त्र आणण्याचं, कित्येक वर्षं चाललेलं काम त्यांनी सोडलं नाही. मुक्तीच्याच छापखान्यात ते छापलं जात होतं. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या हातून ते पुरं झालेलं होतं. ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला. मुलगी परत मिळाली नाही, पण काम करण्यापुरतं बळ रोजच्या रोज मिळालं. ज्यांनी घरातलं माणूस गमावलं आहे, त्यांना हे बळ किती मोठं असतं ते ठाऊक आहे.

रमाबाईंच्या प्रार्थनेचं उत्तर घेऊन माणसंच आली, हेही विसरू नये. कुणी मनिऑर्डर केली, कुणी धान्य पाठवलं, कुणी परदेशातून येऊन आयुष्य तिथेच काढलं. तेव्हा या आठवड्यात तुमच्या प्रार्थनेत एखाद्या घराचं नाव वारंवार येत असेल, तर त्या घरी जाऊन या. मुलीची फी राहिली असेल, दवाखान्यात सोबतीला कुणी नसेल, नुसतं कुणी बोलायलाही नसेल. आणि अडचण तुमच्याच घरी असेल, तर देवाला सांगाच, पण पाळकांच्या किंवा जवळच्या एखाद्या बहिणीभावाच्या कानावरही घाला. रमाबाई ‘मुक्ति प्रेअर बेल’ या आपल्या पत्रकातून केडगावची हकीकत आणि प्रार्थनेच्या विनंत्या दूरदूरच्या वाचकांना कळवत असत, आणि त्यात त्यांना कधी संकोच वाटला नाही.